डॅशबोर्डवरचा निळा बाण

टाकेमास्तरांच्या दुकानात बॉलपेनला बंदी होती. दाराच्या चौकटीला खिळ्यावर पत्र्याचा एक डबा लटकायचा आणि त्यावर खडूनं ठसठशीत लिहिलेलं असायचं, ‘पेन इथे ठेवा, जाताना न्या.’ नवं गिऱ्हाईक हसायचं. म्हणायचं, “पेनानं कुणाचं काय घोडं मारलंय?” मास्तर शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगायचे, “माझं मारलंय. ठेवा डब्यात.”

कुरियरवाल्याला सही हवी असली तर तो बाहेर फुटपाथवर उभा राहून हाक मारायचा. मास्तर बाहेर जायचे, सही करायचे, पेन परत द्यायचे आणि विंचवाला हात लागल्यासारखा हात पँटला पुसत आत यायचे. आत मापं, खुणा, निरोप, सगळं खडूनं नाहीतर पेन्सिलीनं. मास्तरांच्या लेकीनं एकदा बाराखडी गिरवायला दुकानात पेन आणलं होतं, तेव्हा त्या एवढ्याशा पोरीलाही डबा चुकला नव्हता. आता तिला स्वतःची पोरं झाली, पण बापाच्या दुकानात पाय टाकताना ती अजूनही खिसा चाचपते.

दुसरी बंदी डॅशबोर्डला. सीटा म्हणाल तशा शिवून मिळतील, दाराच्या आतल्या बाजू मिळतील, छताचं लोंबणारं कापड ताणून मिळेल, पण डॅशबोर्ड नाही. मास्तरांचा हात असा की फाटलेल्या सीटला टाका कुठे घातला ते शोधायला भिंग लागावं, म्हणून तर नाव पडलं टाकेमास्तर. त्यात दुसऱ्या यंत्रावर त्यांची बायको. कडेची गोट तिच्या हाताखालून रेघ आखल्यासारखी सरळ निघायची. गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. दोघं मिळून सीट शिवायला लागली की यंत्रांचा आवाज ऐकून पलीकडचा चष्मेवाला ओळखायचा, आज मोठी गाडी आहे म्हणून. पण कुणी “मास्तर, जरा डॅशबोर्डचं बघता का” म्हणालं, की मास्तरांचं एकच, ‘आम्ही डॅशबोर्ड करत नाही.’

आणि गंमत म्हणजे, या माणसाचे हात डॅशबोर्डसाठीच शिवशिवायचे. रस्त्यात जुनी गाडी उभी दिसली की मास्तर काचेला नाक लावून आत बघणारच. कुठे भेग गेलीय, कुठे फुगलंय, कुठे कुणीतरी ठिगळ मारून वाट लावलीय, हे सगळं बघून घरी येऊन बायकोला तासभर सांगणार. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, “मग करा की एखादा.” त्यावर मास्तर चहाचा कप उचलून मागच्या खोलीत.

एका सोमवारी सकाळी दुकानासमोर साय धरलेल्या दुधाच्या रंगाची एक जुनी चारदारी गाडी येऊन थांबली. गोल दिवे, लांब नाक, दाराला चांदीच्या रंगाची मूठ. गॅरेजवाल्या मेस्त्रीनं पाठवली होती आणि त्या लबाडानं निरोप दिला होता, “सीटचं काम आहे.” गाडीतून एक बाई उतरल्या. दातांच्या डॉक्टर. मागच्या सीटवर त्यांचा पांढरा कोट पडलेला होता.

“सीटा ठीक आहेत हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डॅशबोर्ड बघा. उन्हानं पार फुटलाय. नुसता हात लावला तरी कण गळतात.”

मास्तरांनी नेहमीचा नकार जिभेवर आणून ठेवला होता. फक्त सवयीनं वाकून आत बघितलं, आणि नकार जिभेवरच राहिला.

डॅशबोर्ड खरंच फुटला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडे, तड्यांच्या कडा वर वळलेल्या, आतला पिवळा फोम भुगा होऊन डोकावत होता. पण मास्तर ते बघतच नव्हते. वेग-पेट्रोल दाखवणाऱ्या घड्याळांच्या शेजारी, काळ्या रेक्झिनवर, वीतभर लांबीचा एक निळसर बाण होता. टोक उजवीकडे. तो बाण मास्तरांनीच काढला होता. चौतीस वर्षांपूर्वी.

तेव्हा मास्तर सव्वीस वर्षांचे होते आणि एका उस्तादाच्या हाताखाली होते. उस्ताद डॅशबोर्डचा बादशहा. त्याचं एकच म्हणणं, डॅशबोर्डला शिवण नको. सीटच्या शिवणीवर माणूस बसतो, डॅशबोर्डची शिवण त्याच्या डोळ्यांसमोर बसते. अख्खं रेक्झिन एका तुकड्यात ताणून बसवायचं, सुरकुती न पडता. दोन वर्षं नुसतं बघितल्यावर उस्तादानं पहिल्यांदा एक डॅशबोर्ड या पोराच्या हाती दिला. पोरानं तो बसवला, आणि असा बसवला की उस्ताद दोनदा हात फिरवून काहीच बोलला नाही. उस्ताद काही बोलला नाही याचा अर्थ त्या दुकानात सगळ्यांना माहीत होता. पोराच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

फक्त एक झालं होतं. रेक्झिन एका अंगाला जास्त ताणलं जातं, दुसऱ्या अंगाला कमी. कुठल्या अंगाला ते लक्षात राहावं म्हणून मागच्या बाजूला बाण काढतात. तो काढायचा खडूनं. पोराच्या हाताशी खडू नव्हता, खिशात बॉलपेन होतं. त्याला वाटलं, मागचीच तर बाजू, कोण बघतंय.

बॉलपेनची शाई रेक्झिनमध्ये थांबत नाही. ती मुंगीच्या पावलानं आतून चालत राहते आणि एक दिवस पुढून बाहेर येते. तीन महिन्यांनी तीच गाडी मागच्या सीटची उसवलेली शिवण दाखवायला आली, आणि उस्तादाला दिसला डॅशबोर्डवर उमटलेला निळा बाण. पोर मागच्या खोलीत होतं. त्यानं पडद्याआडून सगळं ऐकलं. उस्ताद काकुळतीला येऊन म्हणत होता, “साहेब, मी स्वतः पुन्हा करून देतो,” आणि गाडीवाला घाईघाईनं म्हणत होता, “नको, नको. राहू दे. त्याला आता कुणी हात लावू नका.” गाडी निघून गेली, ती पुन्हा आली नाही. उस्ताद मागच्या खोलीत आला आणि म्हणाला, “सीटा शीव. डॅशबोर्ड तुझं काम नाही.” मारलं असतं तर बरं झालं असतं.

गिऱ्हाइकाचा आपल्यावरचा विश्वास इतका उडाला की फुकट दुरुस्तीही नको म्हणाला, हे वाक्य मास्तरांनी चौतीस वर्षं उशाशी घेऊन रात्री काढल्या. उस्ताद गेला, मास्तरांनी स्वतःचं दुकान थाटलं, केस पिकले. बाण काही पुसला गेला नाही.

आणि आता तो समोर उभा होता, चार चाकांवर.

“येत्या रविवारी बाबा बघायला येणार आहेत,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चार वर्षं सगळं धूसर होतं, आता लख्ख दिसतंय. सगळ्यात आधी गाडी बघायचीय म्हणून हटून बसलेत. मी ती चोरून इकडे आणलीय. त्यांना फुटका डॅशबोर्ड दाखवायचा नाहीये मला. जसा होता तसा हवा, हुबेहूब. होईल का?”

मास्तरीणबाईंनी पायडलवरून पाय काढला. आता ‘आम्ही डॅशबोर्ड करत नाही’ येणार, म्हणून त्या तोंडदेखलं हसायच्या तयारीत होत्या.

“होईल,” मास्तर म्हणाले.

बाई किल्ली देऊन रिक्षानं गेल्या. मास्तरीणबाई कंबरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “अहो, ताप-बिप आलाय का?”

“अगं, ती गाडी!” मास्तर म्हणाले. “तीच!” आणि त्यांनी बाण दाखवला. लग्नाला बत्तीस वर्षं झालेली, बाणाची कथा पाठ असलेली, पण बाण कधी न बघितलेली ती बाई वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “काढलाय मात्र झोकात.”

मास्तर ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांच्या डोक्यात आनंद मावत नव्हता. एवढ्या मोठ्या जगात ती गाडी फिरून फिरून आपल्याच दारात यावी! आता तो डाग आपल्याच हातानं उपटायचा, एका तुकड्यात, बिनशिवणीचा डॅशबोर्ड बसवायचा, आणि रविवारी त्या गाडीवाल्यानं नव्या डोळ्यांनी तो बघायचा. आपण कोण ते सांगायचंही नाही. चौतीस वर्षांचं ओझं गुपचूप उतरवून ठेवायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे मास्तर त्याच दुपारी स्क्रू काढायला बसले.

मंगळवारी डॅशबोर्ड गाडीतून बाहेर आला. प्रत्येक वायरला मास्तरीणबाईंनी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली, म्हणजे परत लावताना घोळ नको. घड्याळं मऊ फडक्यात गुंडाळली. मग मास्तरांनी पाती हातात घेतली, आणि सगळ्यात आधी कशावर चालवली असेल? बाणावर. जुनं रेक्झिन रेक्झिन राहिलंच नव्हतं, वाळक्या पानासारखं मोडत होतं. बाणाचं टोक तुटलं, दांडा तुटला, चुरा झाला. मास्तरांनी तो सुपडीत भरला आणि केराच्या पिंपात झटकून टाकला. झटकताना ते गात होते. त्यांचा आवाज काही गाण्याचा नव्हे, चष्मेवाला दारापर्यंत येऊन बघून गेला.

बुधवारी सडका फोम कापून काढला, खड्ड्यांत नवा भरला, वर पॉलिशपेपर फिरवला. डॅशबोर्डमध्ये अवघड जागा एकच, घड्याळांच्या वर पुढे आलेला बाक. मास्तर त्याला भुवई म्हणायचे. भुवई नीट बसली तर चेहरा बसला. डोळे मिटून, नुसत्या अंगठ्यानं चाचपत त्यांनी ती भुवई घडवली. कुठे केसभर उंच, कुठे केसभर खोल, अंगठ्याला सगळं कळत होतं. इतक्या वर्षांत हात विसरले असतील ही भीती होती, पण हात बेटे काहीच विसरले नव्हते. मास्तरांना हसू आवरेना.

गुरुवारी दुपारी डॉक्टरीणबाई दोन पेशंटांच्या मधल्या वेळात डोकावल्या. भरलेल्या भेगा बघून खूश झाल्या. “आमच्यासारखंच की हो! किडलेलं काढा, पोकळी भरा, घासा.” मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “आणि वरचं जुनं कव्हर?”

“टाकलं. भुगा झाला होता त्याचा.”

“टाकलं? आणि बाण?”

मास्तरांनी हातातला पॉलिशपेपर उलटसुलट केला. “तो डाग ना? गेला. सगळ्यात आधी तोच काढला,” ते म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा उतरला की मास्तरीणबाईंनी घाईनं स्टूल पुढे केलं. “मी म्हटलं होतं ना, जसा होता तसा,” त्या म्हणाल्या. “चूक माझीच. तुम्हाला तो डागच वाटणार. मेस्त्रीही तेच म्हणाला होता. पण आमच्या घरात तो डाग नाही हो.”

आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मास्तरांच्या हातातला पॉलिशपेपर कधी खाली पडला ते त्यांना कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंचे बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. पोरांना पृथ्वीच्या पाठीवरची प्रत्येक नदी कुठे वळते ते सांगणारा हा माणूस स्वतः भाजी आणायला निघाला तरी रस्ता चुकायचा. गाडी सासऱ्यांकडून आलेली. एका पहाटे त्यांच्या बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. नव्या गावात बदली होऊन आठवडाच झालेला. गाडी काढली, निघाले, आणि एका फाट्यावर येऊन थांबले. डावीकडे की उजवीकडे? विचारायला रस्त्यावर चिटपाखरू नाही. भूगोलसर घामाघूम. शेवटी मागून बायको ओरडली, “अहो, समोर बाण आहे ना एवढा! वळा उजवीकडे!” दहा-पंधरा दिवसांपूर्वीच डॅशबोर्डवर कुठून कोण जाणे एक निळा बाण उमटायला लागला होता. सर उजवीकडे वळले. समोर हॉस्पिटलचा लाल दिवा.

“अर्ध्या तासात मी झाले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तेव्हापासून आमच्या घरात नियमच पडला. रस्ता चुकला की बाण दाखवील तिकडे वळायचं. मी बारावीनंतर काय करायचं ते ठरत नव्हतं, तेव्हा बाबांनी मला गाडीत नेऊन बसवलं होतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली. चार वर्षं बाबांना तो दिसत नव्हता, तर बोटानं चाचपायचे, उगाच. रविवारी त्यांना तोच बघायचाय.”

चौतीस वर्षांपूर्वीचं वाक्य मास्तरांच्या कानात पुन्हा वाजलं, पण आता त्याचा सूरच वेगळा होता. ‘नको, नको. राहू दे. त्याला आता कुणी हात लावू नका.’ अरे देवा! तो माणूस रागावलेला नव्हता. तो घाबरलेला होता, कुणी बाण काढून टाकील म्हणून! आणि आपण नेमकं तेच करून बसलो, वर गाणं म्हणत.

“रंगानं काढता येईल का?” बाईंनी विचारलं.

“रंग रंगासारखा दिसेल,” मास्तर पुटपुटले. “डोळे नवे आहेत त्यांचे.” ते दोन पावलं गेले, परत आले. त्यांनी मनगट चोळलं आणि एकदम म्हणाले, “येईल. बाण येईल. मला माहीत आहे कसा येतो ते. तुम्ही जा, पेशंट थांबलेत.”

बाई गेल्या. मास्तरांनी बायकोकडे वळून विचारलं, “अगं, बॉलपेन आहे का?”

मास्तरीणबाईंनी आ वासला. मग त्यांना कळलं, आणि त्या हसत सुटल्या. “सगळ्या गल्लीला डबा दाखवलात, आता पेन कुठून आणू?” डब्यात बघितलं, डबा रिकामा. चष्मेवाल्याकडचं पेन जेलचं निघालं. “ते नको, ते पाण्यातलं. तेलाच्या शाईचं हवं, जाड टोकाचं!” मास्तर फुटपाथवर धावले. साठीचा माणूस, गळ्यात मोजायची टेप, कोपऱ्यावर कुरियरवाल्याच्या स्कूटरला आडवे गेले. “पेन दे!”

“कसलं पार्सल नाहीये आज तुमचं,” तो गांगरून म्हणाला.

“पार्सल नको रे बाबा, पेन दे!” त्याच्या खिशातलं निळं, टोपण चावलेलं बॉलपेन घेऊन मास्तर दुकानात शिरले. डब्याजवळून जाताना पाय जरा अडखळलाच.

शुक्रवारी सकाळी नवं रेक्झिन टेबलावर पालथं पसरलं. मास्तरांनी हात टेबलाला टेकवला, श्वास घेतला आणि पेन टेकवलं.

“थांबा!” मास्तरीणबाई ओरडल्या. “टोक कुठे काढताय? पालथं आहे ते. मागून उजवीकडे काढलात तर पुढून डावीकडे येईल!”

मास्तरांनी पेन असं उचललं की जणू चटका बसला. खरंच की. तीच चूक तशीच्या तशी करायची म्हटलं तरी चुकायला निघाले होते. त्यांनी मान हलवली, बायकोला “तू नसतीस तर” एवढं म्हणाले, वाक्य तिथेच सोडलं आणि टोक डावीकडे ठेवून बाण काढला. एकदा, दोनदा, तीनदा गिरवला. शाई भरपूर पाहिजे.

मग चिकटवायचं सोल्यूशन. रेक्झिनला पाठीमागून, फोमला वरून, दोन्हीकडे पातळ हात. ते बोटाला चिकटायचं थांबलं की लावायची वेळ, आणि एकदा दोन अंगं भेटली की भेटली, परत सोडवायला गेलात तर फोम उपटून येतो. मास्तरीणबाईंनी एक टोक धरलं, मास्तरांनी मधली रेघ जुळवली आणि तळवा टेकवला. मधून बाहेर, मधून बाहेर. गरम हवेच्या पिस्तुलानं रेक्झिन शेकायचं, मऊ झालं की ओढायचं. “ओढ. आणखी. थांब. सोड जरा. आता ओढ!” दोघांच्या कपाळावरून घाम. भुवईपाशी रेक्झिन हटून बसलं. एक सुरकुती उठली, बोटभर, बरोबर घड्याळाच्या डोक्यावर. मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तरांनी हवा जवळ आणली, अंगठा सुरकुतीच्या मुळाशी ठेवला आणि तिला हळूहळू कडेकडे हाकलत नेलं, बदकाचं पिल्लू नेतात तसं. ती कडेला गेली, खाली वळली आणि नाहीशी झाली.

“गेली?” डोळे मिटूनच बायकोनं विचारलं.

“बघ!”

बघितलं तर काळाभोर, सलग, एका तुकड्यातला डॅशबोर्ड. शिवण नाही, सुरकुती नाही. मास्तरांनी त्यावरून दोनदा हात फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. डोळे मात्र भरून आले होते, आणि ते काही सोल्यूशनच्या वासानं नव्हे.

रविवारी लेकीबरोबर भूगोलसर दुकानात आले. ऐंशीचं वय, ताठ मान, काळा चष्मा. लेकीनं दार उघडून दिलं. ते चालकाच्या जागेवर बसले, सावकाश चष्मा काढला आणि समोर बघितलं. हात लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात गेला, परत आला, आणि घड्याळांच्या शेजारी येऊन थांबला. बोट तिथेच फिरत राहिलं.

“सुंदर झालंय,” ते म्हणाले. “फारच सुंदर.”

लेक मास्तरांकडे बघत होती. मास्तरांनी ठरवलं होतं की आपण कोण ते सांगायचं नाही. पण या म्हाताऱ्याला रिकाम्या जागेवर बोट फिरवताना बघून गप्प बसायला माणूस दगडाचा हवा. ते खिडकीपाशी वाकले. “सर, बाण आत आहे,” ते म्हणाले. “मागच्या बाजूला काढलाय, बॉलपेननं. तीन महिन्यांत वर येईल. मागच्या वेळीही तेवढाच वेळ लागला होता.”

“मागच्या वेळचं तुम्हाला काय ठाऊक?”

“मीच काढला होता.” मास्तरांनी हात जोडले. “चूक झाली होती माझ्या हातून. माफी मागायची राहिली होती.”

सर गाडीतून उतरले. त्यांनी मास्तरांना नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं, नव्या डोळ्यांनी. मग दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवले. “तो तुम्ही होय! अहो, कुठे होतात तुम्ही? मी त्या उस्तादाला तेव्हाच विचारणार होतो की हे कुणी केलं, पण म्हटलं विचारलं तर पुसून टाकतील!” मग लेकीकडे वळून म्हणाले, “नमस्कार कर यांना. यांच्यामुळे तू हॉस्पिटलात जन्मलीस, नाहीतर फाट्यावरच जन्मली असतीस.” आणि मास्तरांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “पुढे मी नकाशा काढून बघितलं. डावा रस्ताही तिकडेच जात होता, आणि जवळचा होता. हे मी हिच्या आईला मरेपर्यंत सांगितलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.”

“पण सर,” मास्तरीणबाईंना राहवेना, “बाण नाहीच आला तर? शाई नवी, रेक्झिन नवं.”

“येईल हो! पेपर लिहून झालाय, निकाल लागायचाय एवढंच,” भूगोलसर म्हणाले. “आयुष्यभर मी पोरांना थांबायला लावलं, आता मी थांबतो.”

थांबतो म्हणाले खरे, पण दर रविवारी हजर. भिंग घेऊन बघायचे. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी डॅशबोर्डला हात लावला तर तवा तापल्यासारखा. “सर, गाडी उन्हात ठेवता?”

“काचा लावून,” सर अभिमानानं म्हणाले. “उष्णतेनं शाई लवकर चढेल.”

“अहो, उन्हानंच तर आधीचा फुटला!” मास्तर ऐंशी वर्षांच्या माणसावर असे ओरडले की चष्मेवाला पुन्हा दारात आला. शेवटी तह झाला, सकाळचं कोवळं ऊन, अर्धा तास, वर पातळ चादर. पाच रविवार झाले, आठ झाले, काही नाही. दहाव्या रविवारी सरांचं भिंग खिशातच राहिलं. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

अकराव्या आठवड्यात, रविवार नसताना, भर मंगळवारी गल्लीत हॉर्न वाजू लागला. थांबेचना. मास्तर यंत्रावरून उठले ते पायात दोरा गुंतवूनच. मास्तरीणबाई हातात कात्री तशीच घेऊन धावल्या. डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटातच गाडी चालवत आल्या होत्या, आणि शेजारी बसलेले भूगोलसर काचेतून दोन्ही हातांनी डॅशबोर्डकडे दाखवत होते.

घड्याळांच्या शेजारी, काळ्यावर जेमतेम दिसेल अशी, एक निळसर छटा. आधी दांडा, मग त्याच्या पुढे दोन फाटे. उजवीकडे.

मास्तर बघतच राहिले. चौतीस वर्षं ज्याच्या नावानं झोप उडाली, तो पुन्हा उगवला होता आणि या खेपेला त्याच्याइतकं देखणं त्यांनी आयुष्यात काही बघितलं नव्हतं. सर मास्तरांचा हात धरून बसले. हॉर्न ऐकून जमलेल्या गल्लीला काही कळेना की एवढ्याशा डागासाठी ही चार मोठी माणसं रडताहेत की हसताहेत.

दुसऱ्या दिवशी कुरियरवाला आला. नेहमीप्रमाणे फुटपाथवर उभा राहून त्यानं हाक मारली, “मास्तर, सही!”

मास्तर यंत्रावर होते. मान वर न करता म्हणाले, “आत ये ना रे. आणि पेन घेऊन ये.”